आम्ही थांबलो, ते गेले

माझ्या चुलत बहिणीचा मला पहिल्यांदा हेवा वाटला तो एसटीच्या खिडकीमुळे. ती आत बसली होती आणि मी फाट्यावर चिखलात उभी होते. तिने माझ्याकडे बघून हातसुद्धा हलवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा खिडकीजवळची जागा मिळाल्यावर माणूस जसं समोर बघत बसतं, तशी ती बसली होती. गाडी सुटली, काळा धूर माझ्या तोंडावर आला आणि मी रडायला लागले. वडिलांना वाटलं मला तिची आठवण येणार म्हणून मी रडते आहे. तसं काही नव्हतं. त्या जागेवर मी बसायला पाहिजे होते, म्हणून मी रडत होते.

साल अठ्ठ्याहत्तर, दिवस पावसाळ्याचे. ज्यांनी आम्हाला बौद्ध केलं त्यांचं नाव औरंगाबादच्या विद्यापीठाला देण्याचा ठराव झाला होता आणि त्यावरून मराठवाड्यात वस्त्या जळत होत्या. आमचं गाव परभणी तालुक्यात, पेडगावपासून आत. गावाच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांची मोजकी घरं. त्यांतली दोन घरं एका भिंतीने जोडलेली होती. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकटे काका, काकू आणि त्यांची मुलगी. ती माझ्याहून थोडीशी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. तोपर्यंत आमच्या दोघींत तिचं काय आणि माझं काय असा फरक नव्हता. एकाच ताटात जेवायचो, एकमेकींच्या उवा काढायचो.

काका निघाले त्याच्या आदल्या दिवशी दोघा भावांचं अंगणात बोलणं झालं. आम्ही दोघी दारात बसून ऐकत होतो.

"भाऊ, आता इचार करत बसायची येळ न्हाई," काका म्हणाले. "पलीकडल्या गावातली माणसं पोराबाळांसकट निघून गेली. उद्या आपली पाळी."

"कोन म्हनलं उद्या पाळी?" वडिलांनी विचारलं.

"कोन म्हनायला कशाला पायजे? आग लागल्यावर कुनी सांगायला येतंय का?"

"परभणीत तरी काय हाय? तिथं न्हाई होनार असं कुनी लिहून दिलंय?"

"न्हाई दिलं. पर तिथं गर्दी हाय. गर्दीत मानूस सापडत न्हाई. इथं आपलं घर कोनतं, दार कोनतं, समद्यांला ठावं हाय."

वडील गप्प झाले. ते गप्प झाले म्हणजे त्यांचं ठरलं असं नव्हतं. ते तसेच होते. बैल घ्यायचा तर तीन बाजार नुसते बघून यायचे. त्या दिवसांत ते दिसेल त्याला विचारत होते. फाट्यावर जाऊन कंडक्टरला विचारायचे, पोस्टमनला विचारायचे, शाळेतल्या गुरुजींना विचारायचे. एक कंडक्टर म्हणायचा, पुढं सगळं शांत हाय. दुसरा म्हणायचा, पुढं गाड्या अडवायलेत, आमीच जीव मुठीत धरून आलोत. ज्याच्या शेतात ते कामाला जात, त्या शेतकऱ्याकडेही जाऊन आले. तो वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मी हाय तवर तुमच्याकडं कोन वाकड्या नजरेनं बगतंय बगतो." घरी आल्यावर वडिलांनी आईला ते सांगितलं आणि पुढे म्हणाले, "तो हाय तवर. पर तो त्या येळंला घरी असंल का मळ्यात, हे कुनाला ठावं?"

काकांनी शेवटी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं. ते म्हणाले, "बरं, तुमी थांबा. पर पोरीला तरी माझ्यासंगं लावून द्या. समदे एका जागी कामून ठिवता?"

मी वडिलांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आईकडे बघितलं. आई भिंतीला पाठ लावून बसली होती. मग ते म्हणाले, "न्हाई. ऱ्हाऊ दे तिला."

एवढंच. कारण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी अक्का गाडीत बसली.

त्यानंतरचे दिवस मला एखाद्या लांब, ओल्या दुपारसारखे आठवतात. गावाने आमच्या लोकांशी व्यवहार बंद केला. शेतात कुणी बोलवेना, गिरणीवाला दळून देईना, दुकानदार आमच्याकडे बघून आत जायचा. गावातला हापसा आमच्यासाठी बंद झाला. मग पाणी ओढ्यावरून आणायचं. ओढ्याला गढूळ पूर, म्हणून काठाच्या वाळूत खड्डा उकरायचा, त्यात पाझरून आलेलं पाणी वाटीने घागरीत भरायचं. ते काम माझ्याकडे आलं. आई घरातून उठतच नव्हती. मला वाटायचं, ती भ्याली आहे.

वडिलांनी डाळीचं मडकं अंगणात पुरून ठेवलं होतं. दिवस मावळला की शेळीचं दावं सोडायचे. मी विचारलं, शेळी पळून गेली तर? ते म्हणाले, "पळून गेली तर धुंडून आनता यील." शेळी कुठेही गेली नाही. रोज तिथेच बसून रवंथ करायची.

घागर डोक्यावर घेऊन चढ चढताना मी अक्काचाच विचार करायची. ती आत्ता काय करत असेल? मी परभणी तोवर एकदाच बघितली होती, तीही बाजारापुरती, म्हणून माझ्या मनातली परभणी फार चांगली होती. तिथे सगळीकडे दिवे होते, भजी तळली जात होती आणि अक्का दोन्ही हातांनी भजी खात होती. तिच्या डोक्यावर काही नव्हतं. माझी मान दुखायची ती घागरीने कमी आणि ह्या चित्राने जास्त.

आमच्या गावात शेवटी काही झालं नाही. जवळच्या एका गावात झालं. तिथली घरं मी पुढे बघितली, नुसत्या काळ्या भिंती उभ्या होत्या. तिथल्या लोकांनीही आमच्यासारखीच चौकशी केली असेल, त्यांनाही कुणीतरी खांद्यावर हात ठेवून शब्द दिला असेल. ते जळले, आम्ही वाचलो. त्यात आमची हुशारी काही नव्हती, हे वडिलांनी कधी लपवलं नाही. "बरं केलं थांबलात," असं कुणी म्हणालं की ते मान हलवायचे आणि विषय बदलायचे.

पोळा झाल्यावर हळूहळू गिरणी सुरू झाली, शेतात बोलावणी यायला लागली. दिवाळीच्या सुमाराला आई बाळंत झाली, मला भाऊ झाला. मला वाटलं, आता काका परत येतील. काका आले ते भिंतीपलीकडच्या घराला कुलूप लावायला. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांना हमालीचं काम मिळालं होतं, स्टेशनामागच्या वस्तीत खोली मिळाली होती. आणि अक्काचं नाव मुलींच्या शाळेत घातलं होतं.

पुढच्या एप्रिलात जयंतीला ते सगळे गावी आले, तेव्हा अक्का निळा स्कर्ट आणि पांढरा शर्ट घालून आली. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी. ती मला म्हणाली, "तू आता कितवीत आहेस?" 'आहेस' म्हणाली. आम्ही 'हायस' म्हणणारी माणसं. मी मुद्दाम उत्तर दिलं नाही. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "तुला ठावं न्हाई का? तुझ्याच वर्गात व्हते की मी." ती हसली, माझा हात धरला. तिच्या हाताला साबणाचा वास येत होता. मी हात सोडवून घेतला आणि शेळीला पाला टाकायला गेले. ओढ्याच्या कडेला बसून दगड पाण्यात मारत राहिले.

गावातली शाळा सातवीपर्यंतच. सातवी झाल्यावर काका मला न्यायला आले. ह्या वेळी वडिलांनी नाही म्हटलं नाही, पण हो म्हणायलाही बरेच दिवस लावले. खोली केवढी, शाळा किती लांब, वाटेत काय, पोरगी आजारी पडली तर कोण बघणार, सगळं विचारलं. काका वैतागून म्हणाले, "भाऊ, तुमी इचारून घेस्तोवर शाळा भरून सुटंल." शेवटी आईच म्हणाली, "जाऊ द्या तिला. लय दिवस डोळे लावून बसलीय." मी परभणीला गेले.

माझ्या मनातली परभणी तिथे नव्हती. एक पत्र्याची खोली, बाहेर मोरी, सार्वजनिक नळाला भल्या पहाटेची रांग. काकू एकदा भाकरी थापता थापता सांगत होती, त्या पहिल्या पावसाळ्यात ते लोक एका गोदामाच्या ओसरीत राहिले, चूल पेटायची नाही, अक्का तापाने फणफणली होती, "हिला घिऊन परत गावाकडं जावं असं लय वाटलं बग." मी ऐकलं. पण हेवा करणारं माणूस असलं काही हिशोबात धरत नाही. मी नळ तेवढा हिशोबात धरला. चावी फिरवली की पाणी, आणि ते घ्यायला कुणाकडे बघावं लागत नव्हतं.

एका संध्याकाळी अक्का आणि मी वही आणायला गेलो. अक्का सायकलवर, मी मागे. ती सायकल काकांनी कुणाची तरी जुनी घेतली होती, तिला घंटी नव्हती, म्हणून अक्का तोंडानेच "ए, बाजू" असं ओरडत जायची. दुकानदार पन्नाशीचा, कपाळावर गंध. त्याने अक्काला बघितलं आणि म्हणाला, "या ताई, काय देऊ?"

आमच्या गावातल्या दुकानात आम्ही पैसे फळीवर ठेवायचो आणि बाजूला व्हायचो. मग तो सामान ठेवायचा. इथे ह्या माणसाने वही अक्काच्या हातात दिली, बोटाला बोट लागलं, त्याने सुटे पैसे तिच्या तळहातावर मोजले. ती कोणाची, कुठल्या आळीची, त्याने विचारलं नाही. अक्कालाही त्यात काही विशेष वाटलं नाही. मला त्या 'ताई'पेक्षा तेच जास्त लागलं, की तिला काही वाटलंच नाही. तिला सवय झाली होती. जी सवय तिला झाली होती ती मला व्हायला अजून किती दिवस लागणार होते कुणास ठाऊक. येताना मी तिच्या पाठीमागे बसून तिच्या वेणीकडे बघत होते आणि ती वेणी ओढावी असं मला मनापासून वाटत होतं.

दहावीत मला तिच्यापेक्षा चांगले मार्क मिळाले. मला वाटलं, आता फिटलं. पण त्याच उन्हाळ्यात नांदेडचं एक स्थळ आलं. मुलगा सरकारी कचेरीत नोकरीला. काकांनी एका बैठकीत हो म्हणून टाकलं. वडील गावाहून आले, म्हणाले, "अरे, जरा थांब, पोरीला शिकू दे. मानसं कशी हायेत ती तरी बग."

"बगत बसलो तर हे स्थळ दुसऱ्याच्या दारात जाईल," काका म्हणाले.

मला वाटलं, आता मात्र काका चुकणार. मी वाटच बघत होते म्हणा ना. पण मुलगा चांगला निघाला. इतका चांगला, की लग्नानंतर त्यानेच तिला बारावीला बसवलं. काका डोळे झाकून उडी मारायचे आणि दर वेळी त्यांच्या पायाखाली जमीन यायची. वडील काठीने चाचपत चालायचे, पडायचे नाहीत, पण पोचायचेही उशिरा. आणि मी त्यांची मुलगी होते.

मी नर्सिंगचा कोर्स केला आणि पालमकडच्या एका उपकेंद्रावर लागले. माझंही लग्न झालं, नवरा शिक्षक, भला माणूस. एकदा पावसाळ्यात एका वाडीवरून बोलावणं आलं. बाई सहा महिन्यांची गरोदर, अंगावरून रक्त जात होतं. रस्ता म्हणजे चिखल आणि खड्डे. जीपमध्ये घालून परभणीला न्यावं तर हादऱ्याने काय होईल सांगता येत नव्हतं. तिथेच पायाखाली उशी देऊन निजवून ठेवावं तर रक्त थांबेलच असं नव्हतं. घरचे माझ्या तोंडाकडे बघत होते. सासू म्हणाली, "बाई, तुमीच सांगा." मी जीप आणायला सांगितली. मी तिच्याबरोबर मागे बसले, तिचं डोकं मांडीवर घेऊन. बाई वाचली. मूल गेलं. ठेवून घेतलं असतं तर दोघं राहिली असती की दोघं गेली असती, हे मला कुणीच सांगू शकलं नाही. डॉक्टर म्हणाले, "बरं केलंत आणलंत." मीही वडिलांसारखी मान हलवली.

त्याच आठवड्यात मी गावी गेले होते. जेवताना हे सगळं सांगत होते. आई भाकरी मोडता मोडता अगदी सहज म्हणाली, "मलाबी तसंच झालं व्हतं. ह्या पोराच्या येळी. त्या जाळपोळीत."

"म्हंजे काका गेले तवा?"

"तवाच. अंगावरून जायालं व्हतं. सुईन म्हनली, हललीस तर पोर जाईल, तूबी जाशील. तू बारकी व्हतीस, तुला काय सांगायचं."

मी वडिलांकडे वळले. "दादा, म्हणून थांबलात तुमी?"

वडील पाणी प्यायले. मग म्हणाले, "इथं काय व्हईल ठावं नव्हतं. परभणीत काय व्हईल तेबी ठावं नव्हतं. दोनीकडं अंधारच. एकच गोष्ट ठावं व्हती. गाडीत घातलं तर हिचं काय व्हईल. मग जे ठावं हाय त्याच्याकडं बगून ठरीवलं."

"मग काकाला सांगायचं ना तसं."

"त्याला सांगितलं असतं तर तोबी थांबला असता. माझ्यापायी त्यानं कामून थांबावं? उद्या काय झालं असतं तर?"

इतकी वर्षं मी त्यांना भित्रे समजत होते, किंवा हट्टी. त्या दिवशी ते मला ताठ मानेचे वाटले, आणि क्षणभर मला बरं वाटलं. पण माझा खरा प्रश्न दुसराच होता आणि तो मी गिळू शकले नाही.

"ते समदं ठीक हाय. पर मला तरी पाठवायचं व्हतं. काका म्हनले व्हते, पोरीला द्या."

वडिलांनी आईकडे बघितलं. अगदी तसंच, जसं त्या दिवशी अंगणात बघितलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "घागर कोन आनली असती गं? ही उठत नव्हती. मी पान्याला गेलो असतो तर हिच्यापाशी कोन?"

त्यांनी ते शरमेने म्हटलं नाही, मोठेपणानेही नाही. होतं ते सांगितलं. मला ठेवून घेतलं ते माया म्हणून नव्हे, रस्त्याच्या भीतीने नव्हे. पाण्यासाठी. आणि ते बरोबर होतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, आता मी रोज तेच करते, कुणाला न्यायचं आणि कुणाला ठेवायचं ते ठरवते. माझा भाऊ समोर बसून भाकरी खात होता, जाडजूड, नुकतंच मिसरूड फुटलेला, आणि मला माहीत होतं की त्याच्यात माझ्या त्या घागरींचा वाटा आहे. तरी परत येताना एसटीत मला अक्काचाच राग आला. तिला कुणासाठी काही उचलावं लागलं नव्हतं. तिच्या आईची कूस त्या पावसाळ्यात रिकामी होती म्हणून ती खिडकीत बसू शकली. असल्या गोष्टीचा राग कुणावर धरायचा? मी तिच्यावर धरला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचं नाव शेवटी बदललं. आम्ही सगळे परभणीला काकांकडे जमलो. काकांनी आता दोन पक्क्या खोल्या बांधल्या होत्या. वस्तीत पेढे वाटले जात होते, पोरं निळे झेंडे घेऊन फिरत होती, म्हातारी माणसं उगीच डोळे पुसत होती. अक्का नांदेडहून आली होती, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी. दुपारी जेवणं झाल्यावर ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"तुझ्याशी बोलायचंय," ती म्हणाली. "ह्यांना पुण्याला कंपनीत नोकरी मिळतेय. पगार चांगला. पण इथली पक्की नोकरी सोडावी लागेल. मला काही सुचत नाही."

"काकांना विचार की."

"ते काय, जा म्हणतील. ते कायम जाच म्हणतात. तू विचार करून सांगणारी."

तिच्यापुढे दोन वाटा होत्या आणि दोन्हींच्या टोकाला घर होतं, पगार होता, मुलांची शाळा होती. कुठलीही घेतली तरी डोक्यावर छप्पर राहणार होतं. असा पेच कुणाला पडावा याचाही मला हेवा वाटला. तरीही मी तिला नीट विचारलं. कंपनी किती जुनी आहे, तिथे ओळखीचं कोण आहे, मुलं कितवीत आहेत, नाही जमलं तर परत यायला जागा आहे का.

ती हसली. "अगं, तू तर थोरल्या काकांसारखीच विचारायलीस." बऱ्याच वर्षांनी ती 'विचारायलीस' म्हणाली.

"जा," मी म्हणाले.

तिने माझे दोन्ही हात धरले. मी ते खरोखर तिच्या भल्यासाठी म्हणाले, की दर सणाला ती समोर दिसू नये म्हणून, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं. सल्ला मात्र चुकीचा नव्हता, एवढं मी सांगू शकते.

उन्हाळ्यात ते पुण्याला गेले. पहिलं पत्र आलं त्यात खोली अंधारी असल्याचं, धाकट्याला शाळेत प्रवेश न मिळाल्याचं लिहिलं होतं. ते पत्र वाचून मी दिवसभर फार मन लावून काम केलं. गावोगाव हिंडले, लसी टोचल्या, कुणावर चिडले नाही. दिवाळीच्या अलीकडे दुसरं पत्र आलं. प्रवेश मिळाला होता, मोठं घर मिळालं होतं, गॅलरीतून डोंगर दिसत होता. माझ्या नवऱ्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि म्हणाला, "चला, चांगलं झालं की."

मी "हो" म्हणाले. मग चहा उतरवला, हात पुसले आणि पत्र त्याच्याकडून मागून घेऊन पुन्हा वाचलं, त्यात कुठे एखादा 'पण' आहे का ते बघायला.